वजनकाटा सगळं सांगत नाही

आज आम्ही लिव्हरच्या, म्हणजे यकृताच्या, कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहोत. सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

आमच्या गटातल्या एका काकूंचं हे ऑपरेशन ठरलं. आम्हीच त्यांना सांगितलं, "लिव्हरचं दुखणं आहे, डाळ-अंडी बंद, नुसती पेज घ्या." महिनाभरात दंड-मांड्या सुकल्या. पोटाचा घेर तसाच, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. ऑपरेशन नीट झालं, पण काकूंना अंगणात यायला फार दिवस लागले.

काट्यावर दोघींचं वजन सारखं भरलं, तरी एकीच्या अंगात स्नायू जास्त, तर दुसरीच्या चरबी. कधी तर सुजेचं पाणीच वजन दाखवतं. डॉक्टरांना हा फरक कमरेच्या पातळीवरच्या सीटी स्कॅनमध्ये दिसतो. जपानमधल्या क्युशू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१३ साली अशा ऑपरेशनच्या १८६ रुग्णांचा अभ्यास छापला. पाच वर्षांनी, स्नायू चांगले असलेल्या शंभरातले सुमारे ८४ जण हयात होते. स्नायू घटलेल्यांतले ७१.

असं का? लिव्हरचा तुकडा काढल्यावर उरलेल्याला वाढायचं असतं, जखम भरायची असते. त्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांची कोठी म्हणजे आपले स्नायू. लिव्हर थकलं की रक्तातला अमोनिया निपटायलाही स्नायूच हात देतात.

मग करायचं काय? ऑपरेशन ठरलं की आहारतज्ज्ञांना भेटायचंच. लिव्हरच्या रुग्णाला साधारणपणे किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. डाळ, दूध, दही, अंडी, मासे यांतून ती थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा घ्यायची. उपवास नको, रात्री झोपण्याआधीही काहीतरी खायचं. डॉक्टरांनी हो म्हटलं की रोज चालायचं, खुर्चीवरून उठ-बस करायची. पोटात पाणी, गुंगी, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल, तर मीठ-पाणी, प्रथिनं सगळं डॉक्टरांना विचारूनच.

काकू आता बैठकीला येतात. परवा म्हणाल्या, "सगळ्यांचं झाल्यावर उरलं-सुरलं खायची सवयच होती गं मला." मैत्रिणींनो, ती आपल्या सगळ्यांचीच आहे. घरात आजारी बाई असेल, तर तिचं ताट आज आधी वाढा.