आटवणाचें भांडें

वैशाख अर्धा सरला, म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मालगुंडसारख्या गांवांत घरोघरीं एका मोठ्या भांड्याची आठवण होते. वर्षभर माळ्यावर पालथें पडलेलें तें भांडें खालीं उतरतें, चिंच लावून घासलें जातें आणि अंगणांत जांभ्याच्या तीन चिऱ्यांवर चढतें. मालगुंड हें गांव केशवसुतांचें जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. पण तेथील गृहिणीला या दिवसांत काव्याचें भान ठेवावयास सवड नसते. आंबा ज्या वेगानें पिकतो, त्या वेगानें खाऊन संपत नाहीं, आणि मृगाचा पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. उरलेला रस साठ घालून उन्हांत वाळवावा किंवा विस्तवावर आटवावा, हे घरच्या घरीं करण्याचे दोन जुने मार्ग. पहिल्यास ऊन चांगलें लागतें, दुसऱ्यास भांडें चांगलें लागतें. भांड्याची निवड चुकली, तर शंभर आंब्यांचा रस घटकाभरांत करपतो. आणि धातूची निवड चुकली, तर त्याहून वाईट होतें, कारण बिघडलेला रस पुष्कळदां दिसावयास चांगलाच असतो.

मोठ्या प्रमाणावर कांहीं उकळावयाचें, तर भांडें कशाचें असावें, हा प्रश्न एकट्या कोंकणाचा नव्हे. युरोपांत यवाच्या माल्टाचा काढा उकळून बीअर करण्याची रीत घरोघरीं होती, तेव्हां तेथील गृहिणीही याच विवंचनेंत असे. इंग्लंडांतील मद्यशाळांत काढा उकळण्याच्या पात्राला आजही ‘कॉपर’, म्हणजे तांबें, असेंच म्हणतात. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां कोंकणी अंगणांतल्या चुलीवर जें उकळतें तें आंबरसच. तथापि पदार्थ निराळा असला, तरी निवडीचे प्रश्न तेच: धातू कोणता, आकार कसा आणि माप किती?

प्रथम धातूचा विचार. तांब्याला पूर्वजांनीं मान दिला, तो उगीच नव्हे. उष्णता वाहून नेण्याच्या कामीं तांबें हें लोखंडाच्या सुमारें पांचपट आणि स्टेनलेस स्टीलच्या सुमारें पंचवीसपट सरस आहे. चुलीची ज्वाळा तळाच्या मध्यावर लागली, तरी तांब्याचा तळ ती उष्णता चहूंकडे पसरून देतो. एका जागीं चटका बसत नाहीं आणि रस खालीं लागत नाहीं. परंतु याच धातूंत एक दोष आहे. आंबट पदार्थाशीं तांब्याचा आणि पितळेचा संबंध येतांच धातूचा अंश त्यांत उतरतो. पितळेच्या भांड्यांत दहीं कळकतें, हें महाराष्ट्रांतील प्रत्येक आजीला ठाऊक असतें. तसा पदार्थ पोटांत गेला, तर मळमळ, ओकाऱ्या आणि पोटांत कळा हीं ठरलेलीं. यवाच्या काढ्यांत आंबटपणा बेताचा असतो, म्हणून तेथें उघडें तांबें चालून गेलें. आंब्याचा रस कितीही गोड लागला, तरी त्यांत आम्ल असतेंच. तेथें उघडें तांबें चालत नाहीं.

यावर तोड म्हणून कल्हई आली. भांडें तापवून त्यांत नवसागराची पूड टाकावयाची, कथलाची कांडी फिरवावयाची आणि कापसाच्या बोळ्यानें तो रुपेरी लेप आंतून सर्वत्र ओढावयाचा, ही कृति पाहण्यासाठीं गांवचीं मुलें कल्हईवाल्याभोंवतीं कोंडाळें करीत. कथलावर फळांच्या आम्लाचा परिणाम फारच थोडा होतो. म्हणून तांब्याची आंच आणि कथलाची निर्धोकता असे दोन्ही लाभ एका भांड्यांत मिळतात. मात्र कथील २३२ अंशांवर वितळतें. भांड्यांत रस आहे तोंवर उष्णता शंभर-एकशेपांच अंशांच्या फार पुढें जात नाहीं आणि कल्हई सुरक्षित राहते. पण रिकामें भांडें चुलीवर विसरलें, कीं ती गेलीच. लोखंडी कालथ्यानें खरवडलें, तरीही ती जाते. म्हणून कालथा लांकडाचा असावा. जुन्या घरांतील सासूबाई रस ओतण्यापूर्वीं सुनेला म्हणत, “अगो, तांबडें दिसतंय का कुठें, तें आधीं बघ.” या एका वाक्यांत साऱ्या रसायनशास्त्राचें सार आहे. रुपेरी लेपांतून तांबूस डाग डोकावूं लागला, कीं तें भांडें आटवणास निरुपयोगी समजावें.

कल्हईसंबंधीं दुसरें भय शिशाचें. कथील महाग आणि शिसें स्वस्त. तेव्हां कथलांत शिसें मिसळण्याचा मोह होतो. शिशाचें विष सावकाश भिनतें, चवीनें कळत नाहीं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची इजा सर्वांत अधिक होते. शुद्ध कथलाची कांडी वांकविली असतां करकर असा आवाज येतो. शिसें मुकाट्यानें वांकतें. शिशाची कांडी कागदावर ओढली, तर करडी रेघ उमटते. परंतु मिश्रणांत शिसें थोडें असेल, तर या कसोट्या फसतात. म्हणून कथलाची खात्री देणारा माहितगार कल्हईवाला मिळत नसेल, तर तांब्याचें भांडें शोभेसाठीं ठेवावें आणि दुसऱ्या धातूकडे वळावें.

दुसरा धातू म्हणून पुष्कळांचे डोळे अॅल्युमिनियमकडे जातात. तें हलकें आहे, स्वस्त आहे आणि उष्णताही चांगली वाहतें. पण त्याच्या पृष्ठावर जो पातळ संरक्षक थर असतो, तो आम्लानें आणि मिठानें झिजतो. मग भांडें काळवंडतें आणि रसाचा रंग व चव उतरते. लोखंडी कढई मजबूत खरी. पण आम्लानें रसास लोखंडाची चव येते, रंग काळसर होतो, आणि समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत वर्षभर ठेवलेल्या कढईला गंज चढल्यावांचून राहत नाहीं.

उरलें स्टेनलेस स्टील. इंग्लंडांतील शेफील्ड येथें १९१३ सालीं हॅरी ब्रेअर्ले यानें क्रोमियम मिसळलेलें न गंजणारें पोलाद तयार केलें, आणि पुढें त्याच जातीच्या धातूनें जगांतलीं स्वयंपाकघरें व्यापलीं. क्रोमियमचा अदृश्य थर धातूचें रक्षण करतो. त्यामुळें आंबटाची बाधा नाहीं, कल्हईची यातायात नाहीं. दोष एकच, पण तो आटवणाच्या दृष्टीनें मोठा: हा धातू उष्णता फार मंदपणें पसरवितो. पातळ तळाच्या स्टीलच्या टोपांत ज्वाळा जेथें लागेल तेवढाच भाग तापतो, आणि नेमका तेथेंच रस करपतो. म्हणून स्टीलचें भांडें घेणाराने त्याच्या चकाकीला भुलूं नये. तें उचलून पाहावें आणि तळावर बोटानें वाजवून पाहावें. जाड तळाचें, अथवा तळांत तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा थर दाबून बसविलेलें असेल, तेंच पत्करावें.

आतां आकार. कोल्हापुराकडील गुऱ्हाळांत उंसाचा रस उथळ आणि रुंद काहिलींत आटवितात, हंड्यांत आटवीत नाहींत. कारण वाफ निघते ती पृष्ठभागावरून. ३० सेंटिमीटर रुंद व ३४ सेंटिमीटर खोल टोपांत सुमारें २४ लिटर रस मावतो, आणि ४५ सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर खोल पातेल्यांतही तेवढाच मावतो. परंतु दुसऱ्याचा पृष्ठभाग पहिल्याच्या सव्वादोनपट असतो. पाणी लवकर गेलें, म्हणजे रस विस्तवावर कमी वेळ राहतो आणि त्याचा केशरी रंग व सुगंध टिकतो. खोल टोप हा भात उकडण्यास योग्य, तर रुंद पातेलें हें आटवणास योग्य. एकाच भांड्यानें दोन्ही कामें साधावयाचीं म्हटलें, तर दोन्ही अर्धवट होतात.

मापाचा हिशेबही आधींच करावा. अडीचशे ग्रॅमचे शंभर आंबे म्हणजे २५ किलो. साल आणि कोय जातां त्यांतून सुमारें १४ किलो रस निघतो. दाट होऊं लागलेला रस फटफट उडतो आणि हात भाजतो. म्हणून भांडें दोनतृतीयांशाहून अधिक भरूं नये. या मानानें शंभर आंब्यांस २४ लिटरचें पातेलें पुरतें. रस निम्मा आटवावयाचा, तर ७ किलो पाण्याची वाफ करावी लागते. केवळ त्या वाफेसाठीं ३,८०० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता लागते, आणि रस उकळीस आणण्यास आणखी हजारेक. किलोभर सुक्या लांकडांत सुमारें ४,००० किलोकॅलरी असल्या, तरी उघड्या चुलींत त्यांतला दहावा हिस्सा, फार तर सातवा, भांड्यास पोंचतो. बाकीचा वाऱ्यावर जातो. म्हणजे आठ ते बारा किलो लांकूड हवें. चुलीला तिन्ही बाजूंनीं चिऱ्यांचा आडोसा केला आणि तिचें तोंड भांड्याच्या तळाशीं जुळतें ठेवलें, तर सरपण वांचतें आणि आंचही सारखी लागते. साखर घालावयाची ती शेवटास घालावी. आरंभींच घातली, तर रस लवकर खालीं लागतो.

एक पदार्थ मात्र या भांड्यांपासून दूर ठेवणें बरें. कोकमाचा आंबटपणा आंब्याहून कितीतरी तीव्र. त्याचें आगळ मिठांत मुरतें, सरबताची फोडें साखरेंत आणि उन्हांत पाझरतात. त्यांस विस्तवाची गरजच नाहीं. त्यांची जागा चिनी मातीच्या किंवा कांचेच्या बरणींत. कोकमाच्या बियांचें मुठेल काढण्यासाठीं मात्र कुटलेल्या बिया पाण्यांत उकळाव्या लागतात. त्यास खोल टोपच चांगला, कारण वर तरंगणारें तेल अरुंद तोंडांतून काढून घेणें सोपें जातें.

ज्या घरीं आजीच्या काळचें जाड तांब्याचें पातेलें आहे आणि कल्हईवाला खात्रीचा आहे, त्या घरानें नवीन भांड्यासाठीं पैसा खर्चूं नये. ज्यांस नवें घ्यावयाचें आहे, त्यांनीं स्टीलचें, जाड तळाचें आणि रुंद तोंडाचें घ्यावें. आटविलेल्या रसाचा थेंब ताटलीवर टाकला असतां भोंवतीं पाणी सुटलें नाहीं, कीं काम झालें; मग रस कोणत्याही धातूंत मुक्कामास न ठेवतां गरम असतांनाच कोरड्या बरणींत भरावा. आषाढांत बाहेर पावसाची झड लागली असतां ती बरणी उघडून मुलाच्या पानांत वाढणाऱ्या माउलीच्या मनांत त्या रसाविषयीं शंकेचा लेशही नसावा, एवढ्यासाठीं वैशाखांत भांडें पारखून घ्यावयाचें.