बातमी देणारा आणि बातमी सांगणारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात ‘उन्हाळी वाळवणे’ हा विषय होता. माझ्या कुरडया बऱ्या होतात, तेवढीच माझी ख्याती! पण मी म्हटले, बाई, यंदा मला दुसरे काही बोलू द्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. भाषण मला येत नाही. घरात बोलते तशी बोलेन, चुकले तर सांभाळून घ्यावे.

वर्तमानपत्रात बातमी देणाऱ्या माणसाला मारहाण होते, कधी त्याचा जीवही घेतला जातो. त्या वेळी आपण बायका कोठे असतो, हे मला बोलावयाचे आहे.

वर्तमानपत्र हे पुरुषांचे, अशी आपली समजूत. सकाळी ते वाचणार, आणि दुपारी आपण त्यावर तांदूळ निवडणार. मी स्वतः पुष्कळशा बातम्या फडताळात अंथरलेल्या कागदावर वाचल्या आहेत, त्याही अर्ध्या, कारण उरलेली अर्धी डब्याखाली. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले ते ६ जानेवारी १८३२ रोजी. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे मराठी माणूस वर्तमानपत्र वाचतो आहे. त्यात बायका अगदीच नव्हत्या असे नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींचे ‘दीनबंधू’ हे पत्र तानूबाई बिर्जे ह्या बाईंनी पतीच्या मागे १९०६ पासून काही वर्षे चालविले. त्या वेळी बाईने नुसते वाचले तरी नावे ठेवीत, आणि ह्या संपादक झाल्या!

लिहिणाऱ्याच्या घरच्यांनाही पुष्कळ सोसावे लागले आहे. टिळकांना १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांना मंडालेस नेले, हे शाळेत सर्वांनी वाचले. पण ते तेथे असतानाच १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, हे किती जणींना ठाऊक आहे? आगरकरांची तर लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. नवरा घरात जिवंत आणि बाहेर त्याची तिरडी! यशोदाबाईंना त्या दिवशी काय वाटले असेल, हे मनात आले की माझ्या हातातले काम थांबते.

तुम्ही म्हणाल, ते दिवस गेले, आता आपले राज्य आहे. खरे आहे. पण कोकणात राजापूर तालुक्यात शशिकांत वारिशे नावाचे वार्ताहर होते. ते ‘महानगरी टाइम्स’ला बातम्या देत. तिकडे तेलशुद्धीकरण कारखान्यावरून लोकांत मोठा वाद चालू होता. कारखान्याची बाजू घेणाऱ्या एका माणसाविषयी त्यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी छापून आली. त्याच दिवशी दुपारी, पेट्रोल पंपाजवळ, त्या माणसाच्या मोटारीने त्यांच्या दुचाकीला धडक दिली व त्यांना फरफटत नेले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. घरी म्हातारी आई आणि शिकणारा मुलगा. आरंभी खुनाचे कलम लागले नव्हते. गावोगावचे पत्रकार रस्त्यावर उतरले, तेव्हा ते लागले.

त्याआधी मुंबईत ज्योतिर्मय डे ह्या पत्रकारांना ११ जून २०११ रोजी भर रस्त्यावर गोळ्या घातल्या. गुन्हेगारांच्या टोळ्यांविषयी ते लिहीत. त्या खटल्यात शिक्षा झाल्या त्या २०१८ मध्ये, सात वर्षांनी. तरी झाल्या, हे विशेष म्हणावयाचे. कारण संयुक्त राष्ट्रांची युनेस्को ही संस्था सांगते की, जगात पत्रकारांच्या शंभर खुनांपैकी सुमारे पंच्याऐंशींत न्याय झालेलाच नाही. म्हणून २ नोव्हेंबर हा दिवस त्यासाठी पाळतात. त्या तारखेला २०१३ मध्ये आफ्रिकेतील माली देशात दोन फ्रेंच पत्रकारांना पळवून ठार मारले होते.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. पत्रकारावर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, असा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये केला. देशात असा कायदा आपल्याच राज्याने प्रथम केला. गुन्हा बिनजामिनी आहे. तपास वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा आहे. दवाखान्याचा खर्चही मारणाऱ्याकडून वसूल करता येतो. हे सारे माझ्या मुलीने मला वाचून दाखविले. मी तिला विचारले, “पण साक्षीदार कोठून आणायचा, ते दिलंय का त्यात?” ती म्हणाली, “आई, ते कायद्यात कसं असेल?”

ह्या प्रश्नासाठीच मी आज येथे उभी आहे.

इंदापुरात बिऱ्हाड करण्यापूर्वी आम्ही एका वस्तीवर राहत होतो. गावाचे नाव सांगत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात दुष्काळ होता, तो तुम्हांला आठवत असेल. उजनीचे पाणी आपल्या तालुक्याला लागून, पण आमच्या वस्तीवर हंडा टँकरच्या भरवशावर. टँकर विहिरीत रिकामा होई आणि आम्ही शेंदून नेत असू. कागदावर रोज चार खेपा, येत मात्र दोनच. हे मला कळले, कारण टँकरवाल्याच्या वहीवर सही करावयाला माझ्याच घरी माणूस येई.

गावात एक तरुण होता. झेरॉक्सचे दुकान चालवी आणि एका वर्तमानपत्राला बातम्या देई. बातमीचे त्याला काय मिळत असेल ते असो, दुकानाचे भाडेही त्यात निघत नव्हते. मला वहिनी म्हणे. मी त्याला गाठून सारे सांगितले, आणि वर म्हटले, “माझं नाव मात्र कुठं घालू नकोस हं.” तो म्हणाला, “वहिनी, तुमचं नाव माझ्या तोंडून जायचं नाही.” नुसत्या माझ्या सांगण्यावर त्याने बातमी दिली नाही. दोन दिवस पहाटेपासून विहिरीपाशी बसून त्याने खेपा मोजल्या, आणि मग बातमी दिली. तिसऱ्या दिवसापासून चार खेपा येऊ लागल्या. माझ्या माठात त्याच खेपांचे पाणी होते.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी भाजी घेत होते. चौघांनी त्याला दुकानातून ओढून काढले आणि मारू लागले. माझ्यापासून दहा पावलांवर! एकजण सारखा विचारीत होता, “कुणी सांगितलं तुला? नाव घे!” त्याच्या नाकातून रक्त येत होते. त्याने नाव घेतले नाही. भोवती शंभर माणसे, पुष्कळांच्या हातात मोबाइल वर धरलेले. कोणी मध्ये पडले नाही. मी पिशवी टाकून दोन घरांच्या बोळात जाऊन उभी राहिले.

पुढे विचारपूस झाली तेव्हा कोणी काही पाहिले नव्हते. मोबाइल धरलेल्या हातांनीही नाही. आमच्या घरी माणूस आला, तेव्हा आमचे हे म्हणाले, “आमची बायको त्या दिवशी बाजाराला गेलीच नव्हती.” मी आत पोळ्या लाटीत होते. बाहेर येऊन एवढेच म्हणावयाचे होते की गेले होते. मी पोळी उलटली. यांना मी दोष देत नाही, लाटणे माझ्या हातात होते. प्रकरण किरकोळ मारामारी म्हणून बारगळले. तो पोरगा वर्षभर वाढदिवसांच्या आणि सत्कारांच्या बातम्या देत राहिला, मग तेही सोडले. आता कंपनीत कामाला जातो. पुढे एका उन्हाळ्यात टँकर पुन्हा तटला, तेव्हा वस्तीवरच्या बायका म्हणू लागल्या, पेपरात द्यायला पाहिजे. कोण देणार, ते कोणी बोलेना.

पत्रकार सगळेच काही असे नसतात. जाहिरात द्या, नाही तर छापतो, असे म्हणणारेही मी ऐकले आहेत. खोटे छापले तर खुलासा पाठवावा, अब्रूचा खटला घालावा. टिळक-आगरकरांवर कोल्हापूरच्या प्रकरणात असा खटला झाला होता. त्यांनी ज्या पत्रांवर विसंबून लिहिले ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये दोघांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. एवढी मोठी माणसे, तरी चूक झाली तेव्हा कोर्टाने शिक्षा दिली आणि त्यांनी ती भोगली. ज्याला खऱ्याची भीती असते तो कोर्टात कशाला जाईल? तो काठी घेतो.

माझ्या मुलीच्या पुस्तकात असे आहे की, आपल्या राज्यघटनेत वर्तमानपत्रांसाठी निराळे कलमच नाही. एकोणिसाव्या कलमात प्रत्येक नागरिकाला बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, त्यातच ते आले. म्हणजे त्या झेरॉक्सवाल्या पोराचा हक्क आणि माझा हक्क एकच. तो त्याने वापरला. मी त्याच्या तोंडून वापरला, आणि मार मात्र त्याला एकट्याला खाऊ दिला.

भगिनींनो, मंडळापुढे माझी एक सूचना आहे. ६ जानेवारीला, ‘दर्पण’च्या दिवशी, आपल्या भागातील वार्ताहरांना मंडळात चहाला बोलवावे. नारळ-शाल देतातच सगळे. आपण त्यांना इतके सांगावे की, रेशनची, पाण्याची, दवाखान्याची जी गोष्ट आम्ही सांगू, तिच्याखाली आम्ही पाचजणी सही करू, आणि जे पाहू ते विचारल्यास सांगू. सह्यांत पहिली सही माझी घ्यावी. घरी विचारून आले आहे. हे “बघ बाई” म्हणाले, म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

गेल्या संक्रांतीला मी त्या गावी गेले होते. त्या पोराच्या आईच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सारे सांगून टाकले. मला वाटले होते, म्हातारी घराबाहेर काढील. तिने तिळगूळ तोंडात टाकला, पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “त्याला माहीत होतं गं. तुझी वांगी सांडलेली बघितली होती त्यानं.”