कापसाची जकात व लहान शेतकऱ्याचा दुष्काळ
(समितीच्या सभेंत झालेलें भाषण)



पाऊस गेला म्हणजे पीक बुडतें. तरी उरल्या पिकास भाव मिळाला तर कुटुंब तगतें. हा भाव खानदेशांत ठरत नाहीं. १८६१ त अमेरिकेंत यादवी सुरू होतांच लँकेशायरच्या गिरण्यांकरितां येथील कापूस मोठ्या भावानें गेला. १८६५ त युद्ध संपल्यावर भाव कोसळले, व तेजीच्या भरंवशावर काढलेलें कर्ज मात्र शेतकऱ्याच्या माथीं राहिलें.

आजहि रीत तीच आहे. परदेशी कापसावर २०२१ त बसविलेली जकात एकंदर ११ टक्के पडे. सरकारनें ती १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केली व ही सूट ३१ डिसेंबरपर्यंत चालविली. अमेरिकेच्या जबर जकातीनें गांजलेल्या गिरण्यांस स्वस्त कापूस मिळावा, हा हेतु गैर म्हणवत नाहीं. परंतु जळगांव-धुळ्याचा कापूस दसरा-दिवाळीस, म्हणजे नेमका त्याच मुदतींत, बाजारांत येतो. मोठा जमीनदार माल ठेवून भावाची वाट पाहूं शकतो. पांच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याचें देणें थांबत नाहीं. तो प्रथम कापूस विकतो, मग बैल; आणि बैल गेल्यावर पुढील वर्षीं पाऊस पडूनहि शेत पडीक राहतें.

म्हणून विनंति इतकीच कीं, अवर्षणाच्या सालीं व्यापाऱ्यांनीं माप होतांच रोख पैसा द्यावा, जमीनदारांनीं खंड तहकूब करावा, व दात्यांनीं उन्हाळ्यांत चारा आणि मृगापूर्वीं बियाणें पुरवावें. जकातीविषयीं सरकारकडे अर्ज करूंच. त्याचा निकाल लागेपर्यंत दावणीचा बैल जगविणें आपल्या हातीं आहे.