बिबट्याची भीती खरी, मग आमची खोटी कशी?

(आणे, ता. जुन्नर येथील अभ्यासवर्गातील भाषण)



काल बेल्ह्याहून घाट चढून एस्टी आण्यात आली. उतरतो न उतरतो तोच एका म्हाताऱ्यानं बजावलं, "रातच्याला एकटं भायेर पडू नगा, बिबट्या हाय." आमची मुंबई-पुण्याची पोरं हसली. पँथरचा वारसा सांगणारे आपण, आणि बिबट्याला भ्यायचं!

हसायचं काम नाही. या तालुक्यात ती भीती खरी आहे. तुमचं पठार कोरडवाहू, पण खाली कुकडीचं पाणी आलं, ऊस आला आणि बिबट्या उसात राहायला लागला. तिथंच पिलं घालायला लागला. माणसं मेली, लेकरं मेली. ही भीती सरकारला मान्य आहे. हल्ला झाला की पिंजरा लागतो, वनखात्याची गाडी येते, मेलेल्याच्या घरी भरपाई जाते. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला केंद्र आहे. हे सगळं झालंच पाहिजे. हल्ल्यानंतर सहा महिने एखादी बाई अंधारात अंगणात उतरली नाही, तर तिला कुणी म्हणत नाही, "नाटकं करते."

आता दुसरा हल्ला घ्या. माणसानं माणसावर केलेला. वस्तीवर रात्री जमाव येतो, दारं फोडतो, बायांना ओढतो. पुढं पंचनामा होतो. मोडलेलं हाड कागदावर येतं, जळालेलं छप्पर येतं. पण त्या रात्रीनंतर जी पोरगी झोपतच नाही, तिची झोप कुठल्या रकान्यात लिहायची? तिला फौजदार विचारतो, "आता काय झालंय घाबरायला?" आणि आपलेच कार्यकर्ते सांगतात, "भिऊ नको, आपण बाबासाहेबांची लेकरं." दोघंही तिचं ऐकत नाहीत. आज मला या न ऐकण्यावर बोलायचंय.

स्वतःपासून सुरू करतो. 1 जानेवारी 2018 ला मी आईला घेऊन भीमा कोरेगावला गेलो होतो. दगड आले तेव्हा आम्ही टेम्पोत होतो. काच फुटली ती आईच्या मांडीवर. आई वाचली, मी वाचलो. पण पुढं दीड वर्ष हॉटेलात ग्लास पडला तरी मी टेबलाखाली असायचो. घाम, छातीत धडधड, हातपाय बर्फ. झोपेत तोच रस्ता. दिवा घालवून झोपणं बंद. पुढच्या 1 जानेवारीला मित्रांना थाप मारली की ड्युटी आहे. व्यासपीठावर मात्र माझी घोषणा सगळ्यांत मोठी. एक जण म्हणालाच, "ह्याची फाटलीय." मलाही तेच वाटत होतं.

मित्रांनो, ही फाटलेली नव्हती. हा मेंदूचा व्यवहार आहे आणि तो समजून घेतला पाहिजे.

मेंदूत खोल आत बदामाएवढी एक गाठ असते. अमिग्डाला म्हणतात. ती राखणदार. धोका दिसला की तुमच्या विचाराची वाट न बघता अंगाला हुकूम सोडते, पळ, लढ किंवा थिजून जा. तिच्या शेजारी हिप्पोकॅम्पस नावाचा भाग. तो नोंद ठेवतो, हे कुठं घडलं, कधी घडलं, आणि आता ते संपलं. आणि कपाळामागं मेंदूचा पुढचा भाग. तो राखणदाराला सांगतो, गप, हे मांजर आहे, बिबट्या नाही. जिवावरच्या प्रसंगानंतर काही माणसांत हा मेळ बिघडतो. राखणदार रात्रंदिवस बोंबलतो, नोंद ठेवणारा 'कुठं आणि कधी' नीट सांगत नाही, लगाम ढिला पडतो. मग हॉटेलातला ग्लास म्हणजे कोरेगावचा दगड होतो.

बंगलोरला सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. 2002 साली ते छापून आले. सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या आणि अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या वाढल्या. म्हणजे जाच नुसता मनाला लागत नाही, मांसात उतरतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर जाच झाला त्यांना हे उंदरानं सांगायची गरज नव्हती. पण पुरावा म्हणून खिशात ठेवा.

या आजाराचं नाव पीटीएसडी. आघातानंतरचा ताणविकार. हे नावही डॉक्टरांनी आपणहून दिलेलं नाही. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक, युद्धाच्या विरोधात उभे राहिलेले, 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गोल करून बसायचे आणि एकमेकांना सांगायचे. रॉबर्ट लिफ्टन, हाइम शाटन असे डॉक्टर त्यांच्यात जाऊन बसले. भांडाभांडी झाली, तेव्हा कुठं 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार आला. चळवळीनं मिळवलेला आजार आहे हा. आपण त्यावर हक्क सांगायला लाजायचं कशाला?

आता उपचार. मला एका मैत्रिणीनं ओढत नेलं. उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक दीड तासाची. ही पद्धत एडना फोआ नावाच्या बाईंनी बसवलेली. डोळे मिटायचे आणि तो दिवस आत्ता घडतोय असा सांगायचा. 'दगड येतोय, काच फुटतेय.' एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ते टेप करायचं आणि घरी रोज ऐकायचं. दुसरं काम, ज्या ज्या गोष्टी टाळतो त्यांची यादी करायची आणि भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायचे. माझ्या यादीत हॉटेलात भिंतीकडं पाठ न करता बसणं चाळीस, टेम्पोत मागं बसणं साठ, तो रस्ता शंभर. खालून वर चढायचं. पहिल्या तीन बैठका मी बाईंना मनात शिव्या घातल्या. सहाव्या बैठकीत पहिल्यांदा आठवलं की काच फुटल्यावर एका अनोळखी बाईनं आपला पदर फाडून आईच्या जखमेला बांधला होता. दीड वर्ष माझ्या भीतीनं ती बाई गिळून टाकली होती.

यात मेंदूत काय होतं? जुनी भीती पुसली जात नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. शेजारी नवं शिक्षण उभं राहतं. काच फुटते आणि दगड येत नाही. पुन्हा फुटते, पुन्हा येत नाही. कपाळामागचा भाग राखणदाराला आवरायला शिकतो. उपचारांच्या आधी आणि नंतर मेंदूची छायाचित्रं घेतलेल्या काही अभ्यासांत असं दिसलंय की अमिग्डालाचा भडका कमी होतो आणि पुढच्या भागाचं काम वाढतं. सगळ्यांत सारखं दिसत नाही, सगळ्यांना गुणही येत नाही. पण पुष्कळांना येतो. मला आला.

आणि इथंच आपल्या राजकारणाचा मुद्दा येतो. नवं शिक्षण जुन्या भीतीपेक्षा नाजूक असतं. जागा बदलली की जुनी भीती परत येते. काळ गेला की येते. आणि नवा फटका बसला तर भसकन येते. दवाखान्यात शिकलेलं 'आता धोका नाही' हे वाक्य वस्तीत खरं ठरलं पाहिजे. आरोपी जामिनावर सुटून तिच्याच दारासमोरून मिशीला पीळ देत जात असेल, तर तिचा राखणदार खोटं बोलत नाही, खरं बोलतोय. उसात बिबट्या बसलेला असताना बाईला शांत श्वास घ्यायला शिकवणं म्हणजे उपचार नव्हे. आधी पिंजरा लावा!

खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 ला भैयालाल भोतमांगे यांची बायको, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली. शिक्षा झाल्या, पण हा जातीचा अत्याचार आहे हे ना भंडाऱ्याच्या कोर्टानं मानलं, ना 2010 साली हायकोर्टानं. भैयालाल 2017 साली गेले. 'तुझ्यावर जे झालं ते झालंच नाही' असं ज्याला कोर्ट सांगतं, त्याच्या मेंदूनं कुठल्या आधारावर शांत व्हायचं? न्याय हा उपचाराचा भाग आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं कलम 15-अ आलं. पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण देणं, त्यांचं पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी झाली. ते कलम मागा. लेखी मागा.

पण उलट बाजूही सांगतो, आणि ती आपल्याला झोंबेल. क्रांती झाल्यावर सगळ्यांना झोप लागेल म्हणून तोवर त्या पोरीनं जागंच राहायचं का? मोर्चा हा उपचार नव्हे. घोषणेनं राखणदार गप्प बसत नाही, हे मी अंगावर काढलंय. दारूनं तर नाहीच. आपल्या किती चांगल्या पोरांनी भीती बाटलीत बुडवायला बघितली आणि स्वतःच बुडाली, ती नावं तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क केलाय आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येत नाही. 14416 हा सरकारी फोन फुकट आहे. हल्ला झालेल्या वस्तीत आपण वकील नेतो, पत्रकार नेतो. यापुढं ऐकणारं माणूसही न्यायचं. आणि बायांचं बायांनी ऐकायचं, पुढाऱ्यानं मधे बोलायचं नाही.

महाडला 20 मार्च 1927 ला पाणी प्यालो आणि मंडपात जेवताना आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या. डोकी फुटली. त्याच महाडात 25 डिसेंबरला आपण पुन्हा जमलो. ते भ्याले नव्हते असं मला आता वाटत नाही. भ्याले असतील. पण कुणी एकटा परत गेला नाही, हजारोंनी गेले.

मागच्या 1 जानेवारीला मी त्या रस्त्यानं गेलो. टेम्पोत मागं बसून, आईच्या शेजारी. वाटेत एकाच्या हातातून बाटली पडून फुटली. छाती धडधडली. आईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मग धडधड खाली आली आणि टेम्पो पुढं गेला.

जयभीम.