केसांची लावणी आणि जाणता डॉक्टर



आजचा विषय ऐकून कोणी हसेल. पाऊसपाणी, बी-बियाणे, रोगराई हे सारे सोडून हे डॉक्टर टकलावर कुठे बोलायला बसले, असेही कोणी म्हणेल. पण ज्या घरात लग्नाचा मुलगा आहे आणि त्याचे केस विरळ होऊ लागले आहेत, त्या घरात हा विषय हसण्याचा राहिलेला नाही. त्यापायी कर्ज निघते, जनावरे विकली जातात, आणि पुष्कळदा पैसा जाऊन पदरी पश्चात्ताप येतो. म्हणून आज त्याविषयी दोन शब्द सांगायचे आहेत.

काही दिवसांपूर्वी जवळच्या खेड्यातले एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा चोवीस वर्षांचा, शिकलेला, अंगापिंडाने चांगला. पण डोक्यावरची टोपी काही केल्या काढीना. शेवटी बापानेच ती काढली. कपाळावर, भुवयांपासून जेमतेम तीन बोटे अंतरावर, फूटपट्टी लावून आखल्यासारखी केसांची सरळ रांग होती. तिच्यामागे सगळे ओस. आणि मानेच्या वरचा, डोक्याचा मागचा भाग कसरीने खाल्लेल्या घोंगडीसारखा दिसत होता. दोन वर्षांपूर्वी शहरात जाऊन केस लावून घेतले होते. त्यासाठी दोन गाई विकल्या होत्या.

बाप म्हणाले, "डॉक्टर, पुन्हा लावता येतील का हो? पैसा मी उभा करतो."

मी म्हटले, "दादा, पैसा तुम्ही उभा कराल. पण रोप कुठून आणाल?"

या एका प्रश्नात आजचे सगळे भाषण आले, असे म्हणायला हरकत नाही. केस लावणे म्हणजे नवे केस निर्माण करणे नव्हे. कोकणात भाताचा तरवा उपटून खाचरात लावतात, देशावर कांद्याचे रोप वाफ्यातून काढून रानात लावतात, तसेच हे काम आहे. मागच्या बाजूचे केस मुळासकट काढायचे आणि पुढे लावायचे. फरक एवढाच, की तरवा कमी पडला तर शेजाऱ्याकडून आणता येतो. केसांचे तसे नाही. दुसऱ्याचे केस आपल्या डोक्यात जगत नाहीत, आणि काढलेल्या जागी पुन्हा केस उगवत नाही.

ही विद्या तशी फार जुनी नाही. १९३९ साली जपानमध्ये डॉक्टर ओकुदा यांनी भाजल्याच्या व्रणांवर केसांसह कातडीचे बारीक तुकडे लावून दाखवले. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइक यांनी हाच प्रयोग पुरुषांच्या टकलावर केला, आणि १९५९ साली त्याविषयी लिहिले. त्यांना आढळले ते असे, की मागच्या बाजूचा केस पुढे लावला, तरी तो मागच्यासारखाच टिकतो. तो नव्या जागेचा गुण घेत नाही, आपल्या वाणाचा गुण राखतो. टक्कल पडलेल्या माणसाच्याही कानामागे आणि मानेवर केस शिल्लक असतात, हे आपण पाहतोच. तीच त्याची रोपवाटिका.

त्या काळी चार मिलिमीटर रुंदीचे तुकडे लावीत. एकेका तुकड्यात पंधरावीस केस. त्यामुळे डोके लहान मुलींच्या बाहुलीसारखे, ठोंब लावल्यासारखे दिसे. पुढे ध्यानात आले, की केस निसर्गतःच एक, दोन, तीन, क्वचित चार अशा पुंजक्यांनी उगवतात. १९९० नंतर सूक्ष्मदर्शकाखाली हे पुंजके वेगळे करून लावू लागले, आणि काम नैसर्गिक दिसू लागले. या पुंजक्याला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात. आपण रोप म्हणू.

रोप काढण्याच्या रीती दोन. एकीत मागची कातडीची पट्टी काढून टाके घालतात, तिथे रेघेसारखा व्रण राहतो. दुसरीत एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक नळीने एकेक पुंजका खोदून काढतात, तिथे बारीक ठिपके राहतात. "आमच्या पद्धतीत व्रणच राहत नाही" असे कोणी सांगितले, तर ते खरे मानू नये. जिथे कातडी कापली, तिथे खूण राहणारच. ती कमी दिसेल एवढेच.

आता थोडे गणित करू. शिक्षक मंडळींना ते फळ्यावरही मांडता येईल. चांगल्या डोक्यावर एका चौरस सेंटीमीटरमध्ये सुमारे सत्तर-ऐंशी पुंजके असतात. लावताना पस्तीस लावले तरी डोळ्यांना भरल्यासारखे वाटते. टक्कल पुरते मागेपर्यंत गेले, तर जागा दोनशे चौरस सेंटीमीटर किंवा जास्त होते. दोनशे गुणिले पस्तीस म्हणजे सात हजार रोपे. आणि मागून, ती जागा उघडी न पडू देता, सबंध आयुष्यात निघू शकतात साधारण पाच-सहा हजार. कोणाची थोडी जास्त, कोणाची बरीच कमी. म्हणजे रान मोठे आणि तरवा थोडा. अशा वेळी जाणता शेतकरी काय करतो? कुठे दाट लावायचे, कुठे पातळ आणि कुठला तुकडा पडीक ठेवायचा, हे आधी ठरवतो. जाणता डॉक्टरही तेच करतो.

त्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच झाले नव्हते. बाविसाव्या वर्षी त्याचे टक्कल अजून वाढत होते. डॉक्टरने निम्म्याहून अधिक रोपे खर्चून पोरसवदा कपाळ करून दिले. मागचे मूळचे केस पुढच्या दोन वर्षांत गेले, आणि लावलेली रांग बेटासारखी उरली.

म्हणून पहिली गोष्ट ही, की आधी केस का जातात ते तपासून घ्यावे. चाई पडली, विषमज्वर होऊन गेला, बाळंतपण झाले, अंगात रक्त कमी आहे, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम बिघडले, अशा पुष्कळ कारणांनी केस गळतात. त्यांवर लावणीचा उपाय नाही, मूळ कारणाचा उपाय करावा लागतो. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागल्याची बातमी तुम्ही ऐकली असेल. तिथे शोध घ्यावा लागला तो पाण्याचा, अन्नाचा, रक्ताचा. शस्त्रक्रियेचे तिथे काही काम नव्हते. आणि वंशपरंपरेने पडणारे टक्कल असले, तरी कोवळ्या वयात घाई करू नये. फिनास्टेराइडच्या गोळ्या, मिनॉक्सिडिलचे औषध यांनी पुष्कळांचे उरलेले केस काही वर्षे टिकतात. ही औषधे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांचे दुष्परिणाम डॉक्टरांकडून समजून घ्यावेत.

दुसरी गोष्ट, डॉक्टर कसा निवडावा. ते गृहस्थ मला फार खरे बोलले. म्हणाले, "बैल घेताना दात मोजतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो. इथं पोराचं डोकं दिलं आन् काहीच बघितलं नाही." तर दात कसे मोजायचे ते सांगतो.

नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारावा. आपल्या राज्यात महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत तो पडताळून पाहता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने याविषयी स्पष्ट सूचना काढल्या. त्यांचा रोख असा, की हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचे आहे. प्लास्टिक सर्जन किंवा या कामाचे प्रशिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ यांनी ते करावे. चलच्चित्रे पाहून ते शिकता येत नाही, असेही आयोगाने बजावले आहे.

मग विचारावे, "कातडी कोण कापणार? भोके कोण पाडणार?" मदतनीस असतातच. रोपे वेगळी करायला, ओली आणि थंड राखायला चार हात लागतात. पण रेघ आखणे, बधिर करणे, रोप काढणे आणि ज्या छिद्रात ते बसायचे ते पाडणे, हे डॉक्टरचे काम. डॉक्टर सकाळी तोंड दाखवतात आणि दिवसभर दुसरीच माणसे हात चालवतात, असे असेल तर तिथून उठावे. एका दिवशी किती रोगी घेता, हेही विचारावे.

डॉक्टर तुमचे मागचे डोके मोजतो का, ते पाहावे. भिंगाने केस बघितले, वडिलांचे, मामांचे टक्कल विचारले, पन्नाशीत काय होईल ते बोलला, तर माणूस जाणता. पहिल्याच भेटीत "चार हजार ग्राफ्ट लावू, आज पैसे भरलेत तर सूट देतो" असे म्हणाला, तर तो दुकानदार. कधीकधी डॉक्टर "तुम्ही इतक्यात करू नका" असे सांगतो. त्याचा राग मानू नये. हातचे गिऱ्हाईक परत पाठवणारा डॉक्टर बहुधा भरवशाचा असतो.

पैशाचा हिशेब लेखी घ्यावा. इथे एक गफलत चालते. ग्राफ्ट आणि केस या दोन गोष्टी वेगळ्या. दोन हजार ग्राफ्ट म्हणजे साधारण चार हजार केस. कोणी "चार हजार" म्हणतो, तेव्हा कशाचे चार हजार, ते विचारावे.

आणि ही शस्त्रक्रिया आहे, हे विसरू नये. ती सहा-आठ तास चालते. बधिर करण्याच्या औषधालाही मर्यादा असते, आणि क्वचित ते अंगावर येते. आपल्या देशात अशा शस्त्रक्रियेनंतर माणसे दगावली आहेत, आणि २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयालाही या प्रश्नात लक्ष घालावे लागले. तेव्हा प्राणवायू, तातडीची औषधे आणि ती देऊ जाणणारा माणूस तिथे आहे का, हे विचारायला संकोच करू नये. मधुमेह, रक्तदाब, चालू असलेली औषधे काहीही लपवू नये.

तिसरी गोष्ट, झालेले काम कसे पारखावे. यात उतावीळपणा फार होतो. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून पडतात. माणूस घाबरतो. पण मूळ आत जिवंत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब फुटतात, वर्षभरात पीक दिसते, टाळूवर कधी दीड वर्षही लागते. म्हणून तीन महिन्यांत रडू नये, आणि तीन महिन्यांत "केस आले" म्हणून छायाचित्र दाखवणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

छायाचित्रे पाहताना आधीचे आणि नंतरचे एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, एकाच बाजूने काढले आहे का, ते बघावे. आधीचे तेल लावून वरून झगझगीत दिव्यात आणि नंतरचे केस वाढवून, फुगवून, काळी भुकटी भुरभुरवून अंधुक उजेडात, अशी जोडी असेल तर ती बाजूला ठेवावी. केस ओले करून मागे विंचरलेले छायाचित्र मागावे. डोक्याच्या मागच्या बाजूचे मागावे, कारण खरा हिशेब तिथे लिहिलेला असतो. आणि शक्य तर, काम होऊन दोन-चार वर्षे झालेला माणूस उन्हात प्रत्यक्ष पाहावा.

चांगल्या कामाची ओळख अशी. पुढची ओळ सरळ नसते, थोडी वाकडीतिकडी असते. सगळ्यांत पुढे एकेक केसाची रोपे आणि त्यांच्यामागे दोन-तीन केसांची. केस कातडीतून ताठ उभे नसतात, मूळच्या केसांसारखे पुढे झुकलेले असतात. प्रौढ माणसाचे कपाळ भुवयांपासून चारेक बोटे असते, आणि दोन्ही बाजूंना थोडे आत गेलेले असते. ते तसेच राखलेले असते. मागची बाजू सारखी विरळ होते, कुठे खड्डा पडत नाही. थोडक्यात, पाहणाऱ्याला काही केले आहे असे वाटतच नाही, ते काम उत्तम.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. मी त्याला एका अनुभवी सर्जनकडे पाठवले. त्यांनी सांगितले, की पुढच्या रांगेतली काही रोपे काढून मागे लावता येतील, थोडे सुधारेल, पण भरलेले डोके होणार नाही. हे स्पष्ट सांगितले, म्हणूनच बापलेकांना ते पटले. मुलाने तूर्त केस अगदी बारीक कापले आहेत, आणि टोपी घरी ठेवतो.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती आहे. वर्गात कोणाच्या विरळ केसांवरून, टकलावरून हसे होऊ लागले, तर ते तिथेच थांबवावे. या हसण्यातूनच पुढे पोरे घाई करतात. आणि मुलगी पाहायला जाणाऱ्या, मुलगा पसंत करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही डोक्यावर काय आहे यापेक्षा डोक्यात काय आहे, ते अधिक पाहावे.

ज्याला केस लावायचेच असतील, त्याने ते जरूर लावावेत, त्यात लाज नाही. फक्त तरवा मोजका आहे, तो एकदाच निघतो, हे ध्यानात ठेवून लावणारा हात पारखून घ्यावा.