न दुखणारी गाठ



विषय ऐकून पुरुष श्रोत्यांनी उठून जाऊ नये, ही प्रथमच विनंती. स्तनाचा कर्करोग क्वचित पुरुषांनाही होतो. पण आमच्या विनंतीचे कारण ते नव्हे. घरातल्या बाईने दवाखान्यात केव्हा जायचे, हे आपल्याकडे पुष्कळदा पुरुषच ठरवतात.

दुखेल तेच दुखणे, अशी आपली समजूत. पण ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आंघोळीच्या वेळी हाताला लागते, आणि ‘दुखत तर नाही ना?’ म्हणून बाई गप्प बसते. पुढे लग्नसराई येते, मग मुलाची परीक्षा, मग गौरी-गणपती. वर्ष निघून जाते. गाठ मात्र सणवार पाळीत नाही. कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, काखेत गाठ लागणे, ही आणखी काही लक्षणे. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे खरे. परंतु कोणती कशी, हे घरबसल्या कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी आणि गरज पडल्यास सुईने काढलेला तुकडा लागतो.

पण काहीच लक्षण नसताना तपासून घेण्यात अर्थ आहे काय? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. महागडे यंत्र नव्हते. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांचे हात होते. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. त्याहून लहान वयात तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी ठरविली आहे. पडद्याआड, बसवून व निजवून, बोटांनी काखेपर्यंत चाचपतात. काही मिनिटांचे काम. संकोच वाटत असेल तर स्त्री-डॉक्टर किंवा परिचारिका मागावी. मागण्यात गैर काही नाही.

पाळी येऊन गेल्यानंतरचा आठवडा सोयीचा, कारण त्याआधी स्तन जड व दुखरे असतात. गाठ लागलीच असेल तर मात्र तेवढेही थांबू नये. आणि पाळी गेलेल्यांना कोणताही दिवस चालतो, अमावास्यासुद्धा.