उत्तर बरोबर, पण तोटा कोणाचा?



‘काहीही बोल, पण ऑफिसचं नको’ अशी अट संयोजकांनी घातली आहे. म्हणून मी आज कुत्र्यांच्या शर्यतींबद्दल बोलणार आहे. हसू नका, शेवटी गाडी गणिताच्या तासावरच येणार आहे.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं उत्तर लंडनमध्ये होते. हॅरिंगेच्या ज्या सुपरमार्केटमधून मी कांदे-बटाटे आणायचे, त्या जागी पूर्वी मोठं स्टेडियम होतं. १९२७ मध्ये तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू झाल्या. आदल्याच वर्षी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधली या प्रकारची पहिली शर्यत झाली होती. पुढे रुळावरून विजेवर पळणारा खोटा ससा, मागे जीव तोडून धावणारी कुत्री. घोड्यांची शर्यत दिवसा असायची. ही मात्र संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, शहरातच. कामावरून सुटलेला माणूस थेट तिथे जाऊ शकायचा. त्यामुळे गर्दी लोटली.

या मैदानातलं एक यंत्र मी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये पाहिलं. त्याचं नाव टोटलायझेटर. १९३० मध्ये ते हॅरिंगेला बसवलं होतं. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात, आयोजक आपला वाटा आधी काढून घेतो आणि उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटले जातात. समजा १००० रुपये जमले, आयोजकाने १०० घेतले आणि जिंकलेल्या कुत्र्यावर एक-एक रुपयाची ३०० तिकिटं होती, तर प्रत्येक तिकिटाला ३ रुपये. हिशेब सोपा आहे. पण अनेक खिडक्यांवर एकाच क्षणी तिकिटं फाटत असताना, एकही न गाळता, चालू बेरीज दाखवायची, तीही संगणक नसताना! जॉर्ज ज्युलियस या ऑस्ट्रेलियातल्या इंजिनिअरने हे दातेरी चाकं आणि दांडे वापरून साधलं. त्यांचं पहिलं यंत्र १९१३ मध्ये ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर बसलं.

गंमत म्हणजे ज्युलियस हे बिशपचे चिरंजीव. त्यांनी मूळ यंत्र आखलं होतं निवडणुकीतली मतं मोजण्यासाठी. सरकारने ते नाकारलं, म्हणून ते पैजा मोजायला लागलं.

हे वाचून मी म्युझियममध्ये हसले होते. परत आल्यावर मीही तेच केलं. पैसे लावून खेळायच्या एका मोबाइल ॲपचा हिशेबाचा भाग माझी टीम लिहीत होती. आमची बेरीज कधी चुकली नाही. एकदा एक तक्रार तपासताना एक खातं समोर आलं. दर महिन्याच्या एक तारखेला पैसे भरलेले, पाच तारखेला शिल्लक शून्य. सलग अकरा महिने. तक्रार तपासली, आमचा हिशेब पैशापैशाने बरोबर निघाला. मी ‘चूक नाही’ असा शेरा मारून ती बंद केली.

त्या रात्री मला आठवीचा वर्ग आठवला. नफा-तोट्याचं उदाहरण सोडवून मी फळ्यापाशी ऐटीत उभी होते. बाई म्हणाल्या, “उत्तर बरोबर आहे. आता सांग, तोटा कोणाचा झाला?” मला सांगता आलं नव्हतं. मी फक्त आकडा काढला होता.

ते काम मी सोडलं, पण लगेच नाही. घराचा हप्ता होता, आणखी चार महिने काढले. हे तुमच्यासमोर कबूल करायचं होतं.

हॅरिंगेचं पुढे काय झालं? १९६१ पासून ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या दुकानांत पैज लावणं कायदेशीर झालं. मैदानावर जायची गरज उरली नाही. गर्दी ओसरली, शर्यतींपेक्षा जमिनीची किंमत वाढली आणि १९८७ मध्ये स्टेडियम बंद झालं. यंत्र तोवर चालू होतं, सत्तावन्न वर्षं! माझा एकही प्रोग्रॅम इतका टिकणार नाही. मैदान गेलं, पण पैज गेली नाही; ती आधी दुकानात आली, आता खिशात आली आहे.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली. उशिरा दिल्याबद्दल मार्क कापा, पण तपासून घ्या.